लो सोडियम मीठ घेताय? आधी किडनीचा विचार करा

घरात कुणाचा रक्तदाब वाढला की पहिली गदा येते ती मिठावर. मग कुणीतरी सुचवतं, ‘‘लो सोडियम मीठ आणा.’’ चव जवळपास तीच, त्यामुळे सगळे खूश. पण यात सोडियमच्या जागी काय असतं? बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड. म्हणूनच हे मीठ सगळ्यांना चालत नाही.

किडनी काय करते?

आपल्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते साधारण दीड लिटर. बाकीचं पाणी आणि जवळजवळ ९९ टक्के सोडियम रक्तात परत जातं. शेवटच्या टप्प्यावर ॲल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडियम राखायला आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं. त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम साधारणपणे प्रतिलिटर ३.५ ते ५ मिलिमोल एवढंच राहतं.

किडनी निरोगी असेल तर केळी, डाळी, शहाळ्याचं पाणी यातलं जास्तीचं पोटॅशियम ती सहज बाहेर टाकते.

धोका कुणाला?

किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं. रक्तदाबाची काही औषधं, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम मंदावतात. पोटॅशियम फार वाढलं तर स्नायूंमध्ये अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडतात. अनेकदा आधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे मीठ घरात येतं, त्यांनाच ते त्रासदायक ठरू शकतं.

हे लक्षात ठेवा

* पाकिटावरचे घटक वाचा. पोटॅशियम क्लोराइड असेल आणि घरात कुणाला किडनीचा त्रास, मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. स्वयंपाक सगळ्यांचा एकच असतो.
* क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी साध्या रक्तचाचणीत होते.
* सैंधव म्हणजे लो सोडियम नव्हे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.
* जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, इतकं मीठ पुरे. यात लोणचं, पापड, फरसाणही धरा.
* हे वाचून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मीठ बदलण्यापेक्षा ते कमी करणं जास्त सुरक्षित. लिंबू, आमसूल, जिरेपूड, कोथिंबीर यांनी चव आणा. जेवताना ताटात वरून मीठ घेणं बंद केलं तरी चांगली सुरुवात होईल.