नित्याचा ताण : गीत, हास्य आणि त्यांची मात्रा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या म्हणजे उपकल्पनीय अध्यायात, संशोधनकर्मापूर्वी आतुरगृहाची सिद्धता कशी करावी याचे तपशीलवार वर्णन आले आहे. वास्तू मजबूत व निवात असावी, तथापि एका बाजूने वारा खेळता असावा. धूर, ऊन व धूळ यांचा उपसर्ग नसावा. उखळ-मुसळ, स्नानगृह, पाकगृह यांची सोय असावी, असे सांगून आचार्य परिचारकांकडे वळतात. स्वयंपाक जाणणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठविणारे-निजविणारे, औषधे वाटणारे अशी नामावली देऊन लगेच पुढे गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे यांत कुशल असलेल्या सहचरांचाही ते समावेश करतात. गवई आणि कथेकरी यांना औषध वाटणाऱ्यांच्या पंक्तीस बसविलेले पाहून आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु त्याहून महत्त्वाची आहेत ती या सहचरांना लावलेली विशेषणे. ते अभिप्रायज्ञ, म्हणजे रुग्णाच्या मनातले ओळखणारे असावेत. त्यास अनुमत, म्हणजे पसंत असावेत. आणि देशकाल जाणणारे असावेत. गाणे कोणते गावे याविषयी येथे काही सांगितलेले नाही; ते कोणाच्या सोबतीने व कोणत्या वेळी ऐकावे याची काळजी मात्र घेतलेली आहे.

आपल्या नित्याच्या रुग्णांत अम्लपित्त, मलावष्टंभ, अनिद्रा, शिरःशूल या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. थोडे खोलात जाऊन विचारले असता कार्यालयातील जाच, कर्जाचे हप्ते, मुलांची परीक्षा, लोकलचा प्रवास असे काहीतरी निघतेच. चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांनी ग्रासलेल्या माणसास मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायातील विवेचन आपणां सर्वांस परिचित आहे. तेव्हा औषधाबरोबर मनाचाही विचार करावा लागतो आणि आपण तो करतोही, पण कसा? 'जरा मन रमवा, गाणी ऐका, टीव्हीवर एखादे विनोदी पाहा' एवढे बोलून आपण चिठ्ठी पुढे करतो. एखाद्या वैद्याने 'जरा काढा घेत जा' असे सांगून कोणता काढा, किती व केव्हा हे सांगितलेच नाही, तर आपण त्याला हसू. मन रमविण्याच्या बाबतीत मात्र हाच प्रकार सर्रास चालतो.

वास्तविक हर्षाची मात्रा शास्त्राने बारकाईने पाहिली आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यांच्या यादीत तृप्ती देणाऱ्या भावांत हर्ष श्रेष्ठ आणि रोग वाढविणाऱ्यांत विषाद अग्रणी मानला आहे. उन्मादचिकित्सेत शोक, भय, क्रोध इत्यादींपासून उद्भवलेल्या मनोविकारांचे शमन परस्परविरोधी भावांनी करावे असे सांगितले आहे; मात्र विकार उत्पन्न करणाऱ्या भावांच्या त्याच यादीत हर्षाचेही नाव आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तर व्यायाम, भाषण, चालणे व जागरण यांच्या जोडीला हास्यही बसविले असून, सवयीचे असले तरी त्याचे अतिसेवन करू नये असा स्पष्ट इशारा आहे. सारांश, हास्य हे द्रव्याप्रमाणेच मात्रा व काल यांच्या अधीन आहे.

दूरचित्रवाणीवरील विनोदाचा उपचार म्हणून उपयोग केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. 'सॅटर्डे रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ साली सांध्यांचा तीव्र वेदनायुक्त विकार जडला. त्यांनी रुग्णालय सोडून हॉटेलच्या खोलीत मुक्काम हलविला आणि तेथे 'कँडिड कॅमेरा' या विनोदी कार्यक्रमाचे भाग व मार्क्स बंधूंचे चित्रपट प्रक्षेपक लावून पाहिले. दहा मिनिटे खळखळून हसल्यावर निदान दोन तास वेदनेवाचून झोप लागते, असा आपला अनुभव त्यांनी नोंदविला. १९७६ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आणि १९७९ मध्ये पुस्तकरूपाने तो प्रसिद्ध झाला. अर्थात हा एकाच रुग्णाचा वृत्तांत. त्यात 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्राही चालू होत्या. त्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. ब्रिटनमधील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग अधिक विचारार्ह आहेत. विनोदी चित्रफिती पाहून प्रत्यक्ष हसलेल्या व्यक्तींची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली आढळली. माहितीपट पाहणाऱ्यांत तसे आढळले नाही. शरीरात निर्माण होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे अनुमान आहे. हास्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक चारचौघांत हसतो. म्हणजे चरकाचार्यांचे 'सहचर' येथे पुन्हा भेटतात.

या दृष्टीने आपल्याकडील स्थिती पाहावी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा वाड्यात, चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि 'गजरा' किंवा चि. वि. जोशींच्या कथांवरील 'चिमणराव' पाहण्यासाठी शेजारपाजार तेथे जमत असे. कार्यक्रम संपला की संच बंद होई आणि त्यावर बोलणे चाले. पुढे २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठी व नंतर झी मराठी म्हणून ओळखल्या गेलेल्या वाहिनीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. तीही आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकत्र बसून पाही. आज 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांतील प्रहसने बहुधा मोबाईलवर, कानात बोंडे घालून, एकट्याने आणि एकामागून एक अशी पाहिली जातात. विनोद तोच असेल, सहचर गेला. डोळ्यांच्या विषयी तर आचार्यांनी अतिजवळून पाहणे हा मिथ्यायोग आणि अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा अतियोग म्हटले आहे. अंधाऱ्या खोलीत उशाशी धरलेल्या मोबाईलला दोन्ही लागू पडतात. विनोदाची जातही पाहावी. कोणाच्या जाडेपणावर, रंगावर, तोतरेपणावर बेतलेला विनोद ज्याला आयुष्यभर तेच टोमणे ऐकावे लागले त्या रुग्णाला हसवीत नाही. कठोर व अवमानकारक शब्द ऐकणे हा श्रोत्राचा मिथ्यायोगच आहे.

माझ्या पाहण्यातील एक रुग्ण, वय ४८, कारकून. छातीत जळजळ, आध्मान व उशिरा लागणारी झोप या तक्रारी होत्या. 'ताण घालविण्यासाठी मी रोज दोन तास विनोदी कार्यक्रम पाहतो,' असे ते अभिमानाने सांगत. चौकशी करता कळले की साडेनऊला ताट समोर घेऊन ते टीव्हीपुढे बसत, हसता हसता किती पोळ्या झाल्या याचे भान नसे, आणि साडेअकरानंतर तेच पुन्हा मोबाईलवर चाले. विमानस्थानातील आहारविधी आठवावा : न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे. हर्षाला तृप्तीचे श्रेष्ठ साधन मानणारे शास्त्र जेवणाच्या पानावर मात्र हसू देत नाही. घास श्वासमार्गात जाण्याचा धोका तर आहेच, पण मुख्य म्हणजे भूक किती उरली याकडे लक्ष राहत नाही. या रुग्णास जेवण आठ वाजता, संच बंद ठेवून घेण्यास सांगितले. त्यानंतर अर्ध्या तासाचा एकच भाग पत्नी व आईसमवेत पाहावा, दहानंतर पडदा नको, असा क्रम लावून दिला. तीन आठवड्यांत जळजळ पुष्कळ उणावली आणि झोप लवकर येऊ लागली. औषध चालू होतेच, त्यामुळे सर्व श्रेय या बदलास देता येणार नाही. तथापि आधीचे दोन महिने तेच औषध चालू असताना एवढा फरक पडला नव्हता.

जाता जाता हास्यक्लबाविषयी एक वाक्य. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका उद्यानात पाच जणांसह ही प्रथा सुरू केली. ती चांगली आहे. पण आंत्रवृद्धी, रक्तस्रावी अर्श वा नुकतीच झालेली उदरशस्त्रक्रिया असलेल्यांनी जोराचे गडगडाटी हास्य टाळावे.

आता संगीताकडे वळू. रात्रीच्या वेळी हास्यापेक्षा संगीत श्रेयस्कर, कारण हास्य उत्तेजित करते. निद्रानाशाच्या उपचारांत चरकाचार्यांनी अभ्यंग, स्नान, दूध यांच्याबरोबर मनास अनुकूल गंध, संवाहन व मनास अनुकूल शब्द सांगितले आहेत. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेतही गीतवादित्रांचा उल्लेख आहे. अमुक राग अमुक रोगावर अशा ज्या तक्तेवजा याद्या हल्ली फिरतात, त्यांना मात्र बृहत्त्रयीत आधार नाही आणि आपण त्या रुग्णांच्या हाती देऊ नयेत. भूप ऐकून रक्तदाबाची गोळी बंद केली, असे सांगणारा रुग्ण एखादे दिवशी आपल्यापुढे येऊन बसेल.

इटलीतील लुचानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ व्यक्तींना निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकविले. त्यात एक भारतीय रागही होता. द्रुत लयीबरोबर श्वसन, नाडी व रक्तदाब वाढले. सर्वाधिक शिथिलता आली ती मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. आवडनिवडीचा या बदलांशी फारसा संबंध दिसला नाही. हे 'मनास अनुकूल' या वचनाच्या विरुद्ध वाटेल. माझ्या मते नाडी लयीमागे जाते हे खरे, पण नावडते गाणे रुग्ण तिसऱ्या दिवशी लावतच नाही. आणि न घेतलेल्या औषधाचा गुण येत नाही.

विपरीतगुण तत्त्वावरून काही युक्ती योजता येते. ती संहितेतील वचने नव्हेत हे आधी नमूद करतो. चिंतेने व चंचलतेने पीडित वातप्रधान व्यक्तीस विलंबित लय, तानपुऱ्याचा स्थिर नाद, बासरी वा सतारीची आलापी मानवते. चिडखोर पित्तप्रधान व्यक्तीस मृदू स्वर व माफक आवाज बरा. मरगळलेल्या कफप्रधान व्यक्तीस सकाळीच ठेक्याचे भजन, अभंग वा लावणीदेखील चालेल, आणि ऐकण्यापेक्षा टाळ हाती घेऊन म्हटलेले अधिक चांगले. रुग्णास शास्त्रीय संगीत आवडत नसेल तर हट्ट धरू नये. गीतरामायण ऐकत मोठी झालेली आजी आणि तिचा नातू यांची गाणी निराळीच असणार. वीस मिनिटे, हळू आवाजात, अखेरीस दोन मिनिटे शांत, एवढे चिठ्ठीवर औषधाखाली लिहावे. लिहिलेले पाळले जाते, तोंडी सांगितलेले विसरले जाते.

एक प्रश्न मात्र प्रत्येक ताणग्रस्त रुग्णास विचारावा : पूर्वी ज्या कार्यक्रमाने तुम्हांला हसू येई, जे गाणे ऐकावेसे वाटे, त्याने आता काही वाटते का? 'वेळच मिळत नाही' हे उत्तर ताणाचे आहे. 'लावले तरी काही वाटत नाही' हे उत्तर निराळे आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून असेल, जोडीला पहाटे लवकर जाग येणे, अरुची, वजन घटणे, आपण निरुपयोगी आहोत अशी भाषा असेल, तर हा नित्याचा ताण नसून विषाद आहे, आणि तेथे गाणी व प्रहसने सुचविणे म्हणजे रुग्णाला अधिक एकटे पाडणे होय. इतर हसत असताना आपल्याला हसू येत नाही हे त्याला नव्याने जाणवते. अशा वेळी मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. होकार आल्यास त्या दिवशी रुग्णास एकटे घरी पाठवू नये, नातेवाइकांना बोलावून घ्यावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठविण्याची व्यवस्था करावी. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चिकित्सालयात रुग्णांना दिसेल अशा जागी लावून ठेवावा.