इंधनाचा काटा

नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर तापी नदी, तिच्या काठची काळी सपाट जमीन आणि उत्तरेस भिंतीसारखी उभी राहिलेली सातपुड्याची रांग या तीन गोष्टी प्रथम नजरेत भरतात. तळोदा आणि शहादा ही गावे सपाटीवर आहेत. धडगाव मात्र डोंगरांच्या कुशीत दडलेले आहे. तळोद्याहून धडगावला जाणारी वाट चांदसैलीच्या घाटाने वर चढते. एका वळणातून सुटावे तो दुसरे वळण पुढे उभे राहते. पावसाळ्यात दरडी कोसळून ही वाट कधी कधी बंदही पडते.

मुलांनो, या वाटेने एक जीप निघाली आहे अशी कल्पना करा. धडगावाकडील एका आजारी बाईला खाली नंदुरबारच्या रुग्णालयात आणावयाचे आहे. जीप चालविणाऱ्या मामांच्या शेजारी त्यांचा बारा वर्षांचा भाचा बसला आहे. तळोद्यास पोहोचताच तो समोरच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणतो, "मामा, पाव टाकी डिझेल आहे. तेवढ्यात जाऊन येऊ की!"

मामा हसतात, पण जीप पंपाकडेच वळवितात. "अरे, काट्याच्या भरवशावर गाव फिरावे, घाट चढू नये," असे म्हणून ते वीस लिटर डिझेल भरून घेतात. काटा अर्ध्याच्या पुढे जातो.

घाटाची खडी चढण सुरू होते, तोच काटा हळूहळू खाली उतरू लागतो आणि पुन्हा पावाजवळ येऊन ठेपतो. भाचा घाबरतो. "मामा, डिझेल गळते आहे!"

"थांब जरा, सपाटी येऊ दे," मामा शांतपणे म्हणतात. थोड्या वेळाने सपाट रस्ता लागतो आणि काटा होता तेथे परत येतो.

काटा पाव टाकी दाखवीत असताना मामांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आणि तोच काटा खाली गेला तेव्हा ते घाबरलेही नाहीत. असे का बरे झाले असेल? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी काट्याचे अंतरंग जाणून घेतले पाहिजे.

घराच्या छपरावरील पाण्याच्या टाकीत नळाच्या दांडीला जोडलेला तरंगता गोळा तुम्ही पाहिला असेल. पाणी वाढले की तो वर येतो आणि कमी झाले की खाली जातो. मोटारीच्या इंधनाच्या टाकीतही असाच एक फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा, एका दांडीच्या टोकाला बसविलेला असतो. दांडीचे दुसरे टोक विजेच्या एका लहानशा साधनाला जोडलेले असते. फ्लोट वर-खाली झाला की त्या साधनातील विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. त्यामुळे तारेतून चालकासमोरील काट्याकडे जाणारा प्रवाहही बदलतो आणि काटा सरकतो. काट्याच्या एका टोकाला 'एफ' आणि दुसऱ्या टोकाला 'ई' ही अक्षरे असतात. 'भरलेली' आणि 'रिकामी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होत.

आता नीट विचार करा. फ्लोटला काय कळते? टाकीत किती लिटर इंधन आहे, हे त्याला मुळीच कळत नाही. तो ज्या जागी आहे त्या जागी इंधनाची पातळी किती उंचीवर आहे, एवढेच त्याला कळते. उंची आणि परिमाण या दोन गोष्टी एकच नव्हेत. काट्याच्या बहुतेक चुका या एका भेदातून जन्म घेतात.

हा भेद समजण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. एक घागर घ्या आणि तिच्यात एक सरळ काठी उभी धरा. मग पेल्याने मोजून पाणी ओता आणि प्रत्येक पेल्यानंतर ओल्या काठीवर खूण करा. पेला तोच, पाणी तेवढेच; तरीही खुणांतील अंतरे सारखी पडत नाहीत. घागरीचे पोट रुंद असते, तेथे खुणा जवळजवळ येतात. गळा अरुंद असतो, तेथे एकाच पेल्याने पाणी झपाट्याने वर चढते. म्हणून काठीवरील मधली खूण म्हणजे अर्धी घागर, असे म्हणता येत नाही.

मोटारीची टाकीही क्वचितच सरळ पेटीसारखी असते. आसनाखाली, आसाजवळ, जेथे जागा मिळेल तेथे तिला बसवावे लागते. त्यामुळे ती कोठे रुंद, कोठे निमुळती, तर कोठे आत दबलेली असते. टाकी वरच्या भागात रुंद आणि खाली अरुंद असेल, तर वरच्या अर्ध्या भागात इंधन अधिक मावते. अशा गाडीचा काटा 'भरलेली'पासून निम्म्यापर्यंत सावकाश उतरतो आणि निम्म्यापासून 'रिकामी'पर्यंत धावत सुटतो. चालकाला वाटते, गाडी एकाएकी अधिक इंधन पिऊ लागली! वस्तुतः दोष इंजिनाचा नसून टाकीच्या आकाराचा असतो.

चुकीचे दुसरे कारण चढउतार हे होय. परातीत थोडे पाणी घ्या आणि परात एका बाजूने उचला. पाणी लगेच खालच्या बाजूस धावते. पाण्याचा थेंबही कमी झालेला नसतो, पण एका काठाशी ते खोल होते आणि दुसऱ्या काठाशी उथळ. घाट चढताना गाडीचे तोंड वर होते आणि टाकीतील इंधन मागे सरते. फ्लोट टाकीच्या पुढच्या बाजूस असेल, तर तो खाली जातो आणि काटा कमी इंधन दाखवितो. फ्लोट मागच्या बाजूस असेल, तर याच्या उलट घडते. आपल्या जीपचा फ्लोट पुढच्या बाजूस होता. म्हणूनच चढणीवर काटा खाली आला आणि सपाटीवर पूर्वस्थळी गेला. मामांना ही आपल्या गाडीची खोड ठाऊक होती.

खडबडीत रस्त्यावर तर इंधन सारखे हिंदकळत असते. त्या प्रत्येक हिंदकळ्याबरोबर काटा नाचू लागला, तर चालकाला काहीच वाचता येणार नाही. म्हणून काटा मुद्दामच मंदगती केलेला असतो. पुष्कळ जुन्या मोटारींत काट्यामागे दोन भिन्न धातूंची एकमेकींस जोडलेली पट्टी असते. विजेच्या प्रवाहाने ती तापते. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्यामुळे पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. पट्टी तापण्यास आणि निवण्यास वेळ लागतो. त्यामुळे क्षणभराच्या हिंदकळ्याचा काट्यावर परिणाम होत नाही. गाडी सुरू केल्यावर अशा मोटारीचा काटा सावकाश वर चढतो, त्याचे कारण हेच.

तिसरे कारण टाकीच्या दोन टोकांशी आहे. फ्लोट टाकीच्या छताला किंवा तळाला अगदी चिकटून फिरू शकत नाही. टाकी काठोकाठ भरली, तरी फ्लोट आपल्या सर्वांत वरच्या जागी अडून राहतो. म्हणून थोडे इंधन खर्च होईपर्यंत काटा 'एफ'वरून हालतच नाही. खालच्या टोकाशी बहुतेक कारखानदार जाणूनबुजून थोडे इंधन शिल्लक असतानाच काटा 'ई'वर आणतात, म्हणजे चालकाला पंप गाठण्यास अवधी मिळतो. हे शिलकी इंधन प्रत्येक गाडीत निराळे असते. शेजाऱ्याची गाडी 'ई'वर आल्यानंतर बरीच दूर गेली, म्हणून आपलीही तेवढीच जाईल असे समजणे धोक्याचे होय.

शिलकीची ही युक्ती जुन्या मोटारसायकलींत फार सोप्या रीतीने साधलेली होती. त्यांपैकी पुष्कळांना काटाच नसे. टाकीच्या तळाशी एक तोटी असे आणि तिला जोडलेल्या दोन नळ्यांची तोंडे टाकीत वेगवेगळ्या उंचीवर असत. नेहमी उंच नळीतून पेट्रोल इंजिनाकडे जाई. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी अडखळू लागे. मग स्वार तोटी फिरवून खालच्या नळीचे पेट्रोल सोडी. "गाडी रिझर्व्हला लागली" हा शब्दप्रयोग त्यातूनच आपल्या बोलीत रुळला.

नव्या मोटारींत आता लहान संगणक असतात. टाकीचा आकार त्यांना आधीच 'शिकविलेला' असतो आणि फ्लोटच्या हालचालींची सरासरी काढून ते काटा स्थिर ठेवतात. आणखी किती किलोमीटर जाता येईल, हेही पुष्कळ गाड्या आकड्यांत दाखवितात. परंतु हा आकडा म्हणजे गाडीने नुकतेच किती इंधन खर्च केले, त्यावरून बांधलेला अंदाज असतो. सपाटीवर शंभर किलोमीटर दाखविणारी गाडी घाट चढू लागली की तो आकडा भराभर घसरतो. पुढे डोंगर आहे, हे मागच्या हिशेबाला कसे कळावे?

काट्याचा भरवसा नसेल, तर सरळ टाकीत काठी बुडवून पाहिले म्हणजे झाले, असे तुम्ही म्हणाल. ही रीत खरोखरच चांगली आहे. पेट्रोलपंपावर जमिनीखालच्या टाकीत खुणांची लांब पट्टी सोडून इंधनाची खोली पाहतात. पण तेथेही पट्टीसोबत एक तक्ता लागतो. अमुक खोली म्हणजे अमुक लिटर, हे त्या टाकीच्या आकारानुसार तक्त्यात दिलेले असते. पट्टी खोली सांगते. लिटर सांगतो तो तक्ता. आणि तक्त्यात किंवा हिशेबात चूक झाली, तर अचूक पट्टीही उपयोगी पडत नाही.

याचे एक विलक्षण उदाहरण कॅनडा देशात घडले. तारीख होती २३ जुलै १९८३. एअर कॅनडा कंपनीच्या एका नव्या बोइंग ७६७ विमानाची इंधनमापक यंत्रणा बिघडली होती. म्हणून टाक्यांत खुणांची पट्टी वापरून इंधन मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरांचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ने गुणावयास हवे होते. पण हिशेब करणाऱ्यांनी १.७७ने गुणले. त्या गुणाकाराने वजन पौंडांत येते. एक किलोग्रॅम म्हणजे दोन पौंडांहून अधिक. त्यामुळे विमान आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले! ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपू लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. सुदैवाने कप्तान बॉब पिअर्सन यांना बिनइंजिनाचे विमान तरंगत नेण्याचा सराव होता. त्यांनी ते अवजड विमान गिमली येथील हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील ६९ माणसांपैकी कोणाचाही प्राण गेला नाही.

कॅनडात त्या काळी जुनी मापे सोडून दशमान मापे स्वीकारण्याचे काम चालू होते. आपल्या देशातही १९५६ साली तसा कायदा झाला आणि गॅलन जाऊन लिटर आले. नुसता आकडा पुरेसा नसतो. तो कोणत्या मापाचा, हे ठाऊक असेल तरच त्याला अर्थ येतो.

मग चालकाने करावे तरी काय? आपल्या मामांचा हिशेब पाहा. समजा, जीपची टाकी ६० लिटरांची आहे. टाकी पूर्ण भरली तेव्हा त्यांनी किलोमीटरचा आकडा टिपून ठेवला. सपाटीवर जीप एका लिटरात १२ किलोमीटर जाते. तळोद्यास पोहोचेपर्यंत ४८० किलोमीटर झाले; म्हणजे ४० लिटर संपले आणि २० उरले असावेत. काटा मात्र पाव टाकी, म्हणजे १५ लिटर दाखवीत होता. दोन साक्षीदार निरनिराळे बोलत असतील, तर शहाणा चालक कमी सांगणाऱ्याचे ऐकतो. शिवाय घाटात जीप लिटरास आठच किलोमीटर चालेल, असे त्यांनी धरले. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२० किलोमीटर. एवढ्यात वर जाऊन पुन्हा नंदुरबार गाठावयाचे, वाटेत दरड पडली तर खोळंबून राहावयाचे, आणि सोबत आजारी माणूस! पंप काही दर वळणावर नसतात. शिवाय डिझेल पूर्ण संपले, तर इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते, आणि पुष्कळ गाड्यांत ती काढल्यावाचून नवे डिझेल ओतूनही इंजिन सुरू होत नाही. म्हणून मामा पंपाकडे वळले.

संध्याकाळी जीप सुखरूप खाली उतरली आणि आजारी बाई वेळेवर रुग्णालयात पोहोचली. परतताना भाच्याने विचारले, "मामा, मग काटा खोटे बोलतो काय?"

"नाही रे," मामा म्हणाले, "तो बिचारा त्याला दिसते तेवढेच सांगतो. त्याला काय दिसत नाही, हे आपण ओळखावयाचे."

मुलांनो, ज्वरमापक असो, तराजू असो की भिंतीवरचे घड्याळ असो, प्रत्येक साधनाची एक मर्यादा असते. ती जाणणाऱ्याला साधन साथ देते. न जाणणाऱ्याला तेच साधन नेमके अडचणीच्या वळणावर उभे करते.