अंगानं स्थूल गर्भवतीनं काय खावं, किती चालावं?

पिकाला खत किती घालावं हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. गव्हाला युरिया जास्त झाला की पीक हिरवंगार दिसतं, पण वारा सुटला की लोळतं. गाभण गाय फार माजली तर वेताला अडते. हे सारं तुम्हाला ठाऊक आहे. मग सुनेला दिवस गेले की हा हिशेब आपण का विसरतो? "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," असं म्हणून तिच्या ताटात दुप्पट वाढतो. ती आधीच अंगानं स्थूल असेल तर ही माया तिला महागात पडते.

खेड्यात कुठला आलाय स्थूलपणा, असं म्हणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातल्या खेड्यांत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे १५ जणी जादा वजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये हा आकडा २० च्या घरात गेला. पाणी नळाला आलं, दळण गिरणीत गेलं, निंदणाला तणनाशक आलं. पुष्कळ घरांत अंगमेहनत कमी झाली, ताट मात्र तेवढंच राहिलं. वर चहा-बिस्किटं आणि फरसाण यांची भर पडली.

वजन जास्त आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. दिवस राहण्याआधीचं किंवा पहिल्या तपासणीचं वजन घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर उंचीच्या बाईचं वजन ७० किलो असेल तर उत्तर ३० च्या थोडं वर येतं. आपल्या भारतीय बांध्याला २५ च्या पुढेच स्थूलपणा धरतात. हा हिशेब नर्सबाई करून देतील.

अशा बाईला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आणि मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. मूल फार मोठं झालं तर बाळंतपण अडतं, पोट चिरावं लागतं, जखम भरायला वेळ लागतो. पण घाबरू नका. अशा कितीतरी बायका सुखरूप बाळंत होतात. वेळेवर तपासणी आणि ताटावर लक्ष, एवढं मात्र हवं.

आता मुख्य गोष्ट. या नऊ महिन्यांत वजन उतरवायला जाऊ नका. उपाशी राहू नका, कडक उपास धरू नका. वजन वाढू द्या, पण बेतानं. वरचा आकडा ३० किंवा अधिक असेल तर नऊ महिन्यांत मिळून ५ ते ९ किलो वाढ पुरते. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला पाव किलोच्या आसपास.

पहिले तीन महिने जादा अन्नाची गरज नसते. पुढे साधारण वजनाच्या बाईलासुद्धा रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. स्थूल बाईला त्याहूनही कमी पुरतं. म्हणून ताट दुप्पट करू नका, ताटातले जिन्नस बदला. भाताचा ढीग कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी घ्या. मटकी, मूग, हरभऱ्याची उसळ, माठ-मेथीची भाजी, काकडी-गाजर आणि ताक रोज असू द्या. खात असाल तर अंडं, मासळी उत्तम. तीन वेळचं जेवण आणि मधे दोनदा थोडं खाणं, असं वाटून घ्या. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट आणि तेल, तिनं वजन घटत नाही.

चहाचा हिशेब करून पाहा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप. दहा चमचे म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर, महिन्याला दीड किलो! शिवाय जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणात लिंबू पिळा, चहा दूर ठेवा.

अंगानं जाड म्हणजे रक्त भरपूर, हा समज खोटा आहे. जाड बाईलाही पंडुरोग होतो. लोहाच्या गोळ्या तिनंही घ्यायच्याच. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एका वेळी घेऊ नये.

आता व्यायाम. "शेतात राबते, तिला चालायला कशाला लावता?" असं विचाराल. उन्हात वाकून निंदणं, पाट्या उचलणं हे कष्ट आहेत, त्यानं अंग शिणतं. चालण्यानं साखर आणि वजन ताब्यात राहतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावं. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता यावं इतपतच वेग ठेवा. जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात फिरलं तरी फायदा होतो. चौथ्या महिन्यानंतर उताणं निजून व्यायाम नको. जड ओझं नको. आणि माझ्या खात्याची एक सूचना : औषध फवारणी चालू असलेल्या किंवा नुकती झालेल्या रानात गर्भवतीला पाठवू नका, फवारणीचे कपडेही तिला धुवायला देऊ नका.

रक्तातल्या साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात करून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० किंवा वर आला तर उपचार सुरू करायचे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

शेवटची विनंती सासूबाईंना आणि घरधन्याला. तिच्या अंगावरून तिला हिणवू नका. हिणवलेली बाई वजनकाट्यावर उभी राहायला लाजते, तपासणी चुकवते, आणि धोका वेळेवर कळत नाही. ती संध्याकाळी चालायला निघाली की सासूबाईंनी सोबत जावं. ९ तारखेला घरधन्यानं एक दिवस काम बाजूला ठेवून तिला दवाखान्यात न्यावं.