जुन्या मोटारीच्या इंजिनातील तेलगळती व तिचा शोध

सकाळी गाडीखालच्या जमिनीवर तेलाचे डाग दिसू लागले की मालक मिस्त्रीकडे धाव घेतो आणि मिस्त्रीच्या तोंडून बहुधा पहिला शब्द निघतो तो 'ऑइल सील' हा. इंजिन उतरविण्याची मजुरी ठरते, चार-सहा दिवस गाडी उभी राहते आणि पुष्कळदा महिन्याभराने डाग पूर्ववत दिसू लागतात. हा खर्च वाया जाण्याचे कारण एकच : तेल जेथे टपकते तेथेच ते गळते, असे गृहीत धरले जाते.

अॅम्बेसेडर मोटारीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथील कारखान्यात ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. सरकारी कचेऱ्यांच्या सेवेत तिने अनेक वर्षे काढली. निर्लेखित झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि काही खेड्यापाड्यांतही पोहोचल्या. दणकट बांधणी, उंच तळ आणि गावच्या मिस्त्रीलाही उलगडणारे यंत्र या गुणांमुळे सोलापूरसारख्या काळ्या जमिनीच्या जिल्ह्यात अशी गाडी सांभाळून ठेवणाऱ्यास कोणी वेड्यात काढणार नाही. तिच्या दीर्घकाळ चाललेल्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनाविषयीच पुढील विवेचन आहे.

प्रथम टपकणारा पदार्थ कोणता, हे निश्चित करावे. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा व पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी. काळपट, बोटांना बुळबुळीत लागणारे ते इंजिनाचे तेल. दाट व गंधकासारख्या उग्र वासाचे असल्यास ते गिअरबॉक्सचे किंवा मागील आसाचे असण्याचा संभव अधिक. चाकाच्या आतील बाजूस पातळ ओल दिसल्यास ते ब्रेकचे तेल असू शकते. अशी गाडी दुरुस्तीवाचून रस्त्यावर आणू नये.

इंजिनाचे तेल असल्याची खात्री झाली की पुढचे काम धुण्याचे. हे काम कंटाळवाणे असल्याने ते टाळण्याकडे कल असतो, परंतु त्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ गळलेल्या तेलात मिसळून इंजिनाच्या अंगावर बोटभर जाडीचा थर बसतो. या थराखाली गळतीची जागा झाकली जाते आणि थर स्वतःही तेल पिऊन दिवसेंदिवस टपकत राहतो. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची तार सोडावी, कार्बुरेटर व डिस्ट्रिब्यूटर प्लास्टिकने बांधावेत, आणि ब्रश व डिझेलने थर उतरवून साबणाच्या पाण्याने अंग धुवावे. पेट्रोल वापरू नये. धुतलेली घाण विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूस जाऊ देऊ नये. इंजिन वाळल्यावर संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड उडवावी व गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी.

परत आल्यावर इंजिन निवू द्यावे आणि पाहणी वरून खाली व पुढून मागे करावी. तेल उताराकडे वाहते आणि चालत्या गाडीत पंख्याचा व समोरचा वारा त्यास मागे ढकलतो. म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला डाग हा मूळ जागेच्या जवळ असतो. खालून पाहावयाचे झाल्यास गाडी खड्ड्यावर घ्यावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

माथ्यावरील टॅपेट कव्हरची बुचाची पॅकिंग वाळून तडकते. गळती थांबावी म्हणून नट अधिक आवळले तर पत्रा वाकतो व गळती वाढते. खाली ऑइल फिल्टर. जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये रबरी कडे बदलताना जुने कडे खाचेत तसेच राहते आणि त्यावर नवे बसविले जाते, अशी चूक होते. फिल्टर आणि दाबमापकाकडे जाणारी नळी यांतील तेल पंपाच्या दाबाखाली असते. तेथील लहानशी चीरही थोड्या अंतरात चेंबर रिकामे करू शकते. या इंजिनात तेल चार-साडेचार लिटरच मावते. चालत्या गाडीत तेलाचा दिवा लागला तर पुढचे गाव गाठण्याचा विचार न करता इंजिन तेथेच बंद करावे.

सर्वाधिक फसवणारी जागा मात्र इंजिनाच्या कुशीत असते. मॅनिफोल्डच्या खाली, एका बाजूस, पत्र्याची दोन लहान झाकणे आहेत. वरून ती सहसा दिसत नाहीत. मागच्या झाकणाची पॅकिंग गेली की तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत क्लचच्या घराखाली येऊन टपकते, आणि पाहणारा म्हणतो, मागचे सील गेले.

वास्तविक या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला मागील बाजूस रबरी सीलच नाही. तेथे दांड्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. दांडा फिरू लागला की हे आटे बाहेर येऊ पाहणारे तेल आत लोटतात. इंजिन बंद असताना त्यांचे काम थांबते. तेव्हा जे सील मुळातच नाही ते बदलण्यासाठी इंजिन उतरवू देण्यापूर्वी मालकाने आणखी एक तपासणी करणे अगत्याचे आहे.

ती तपासणी श्वासनळीची. दट्ट्यांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यास बाहेर पडण्यासाठी नळी ठेवलेली असते. ती तेलाच्या मळीने व धुळीने बुजली की आतील दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून वाट शोधते. एकाच वेळी तीन-चार जागा ओल्या दिसल्यास चार पॅकिंग विकत आणण्याआधी ही नळी काढून साफ करावी. पाणी उपसण्याच्या डिझेल इंजिनालाही असाच श्वासमार्ग असतो; ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना तो जरूर दाखवावा. नळी साफ करूनही, इंजिन मंद चालू असताना तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे जोरदार झोत येत असतील तर दट्ट्यांच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे व कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्या स्थितीत पॅकिंगवरील खर्च टिकणारा नाही.

सर्व सांधे कोरडे, श्वासनळी मोकळी, आणि तरीही क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या छिद्रातून थेंब येत असतील, तर मागील आट्यांतून तेल येत असल्याची शक्यता उरते. तेव्हाही घाई करण्याचे कारण नाही. गाडी बांधाच्या चढावर तोंड वर करून उभी करण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण त्या अवस्थेत तेल मागे साचून आट्यांवर येते. तेल पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षा अधिक भरू नये. किती किलोमीटरला किती तेल घालावे लागले, याची वहीत नोंद ठेवावी. तळाचे छिद्र मात्र बुजवू नये. ते बुजल्यास तेल क्लचप्लेटवर चढून क्लच घसरू लागतो. महिनोन्महिने नोंद स्थिर असेल तर हे काम क्लचप्लेट बदलण्याच्या वेळेपर्यंत लांबविता येते. गिअरबॉक्स त्या वेळी उतरवावाच लागतो आणि मागील बाजूची तपासणी त्याच मजुरीत उरकते.