फळ पिकवणारा वायू फळातच तयार होतो

आंब्याचा हंगाम सुरू झाला की बाजारात एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘गॅसवर पिकवलेला नाही ना?’ काळजी रास्त आहे, पण तिचा रोख बऱ्याचदा चुकीच्या वायूवर असतो.

गैरसमज : फळे पिकवणारा इथिलीन वायू हे कारखान्यातले रसायन आहे, झाडाशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : प्लास्टिकसाठी इथिलीन कारखान्यात बनते, हे खरे. पण वनस्पती ते कितीतरी आधीपासून बनवत आल्या आहेत. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव यांना आढळले, की दिव्यांच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात. पिकणारी सफरचंदे हाच वायू सोडतात, हे १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले. पेशीत तो नेमका कसा तयार होतो, हे कोडे मात्र १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात शांग फा यांग आणि डग्लस अ‍ॅडम्स यांनी सोडवले.

सुरुवात होते मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून. पेशी ऊर्जा खर्चून त्याचे ‘सॅम’ नावाचे संयुग करते. मग एक विकर सॅमपासून ‘एसीसी’ बनवते. इथिलीन किती निघणार, हे बहुतेक वेळा याच पायरीवर ठरते. शेवटी दुसरे विकर ऑक्सिजनच्या मदतीने एसीसीचे इथिलीन करते. या पायरीत कार्बन डायऑक्साइडबरोबर सायनाइडही बाहेर पडते. पेशी त्या विषाचे लगेच निरुपद्रवी संयुगात रूपांतर करते. मला सर्वांत थक्क करते ती गंधकाची काटकसर. सॅममधला गंधकाचा भाग वाया जात नाही, त्यापासून पुन्हा मेथिओनिन तयार होते. म्हणून मेथिओनिनचा साठा तुटपुंजा असूनही फळ दिवसेंदिवस इथिलीन सोडू शकते. या फेऱ्याला ‘यांग चक्र’ म्हणतात.

गैरसमज : इथिलीन फक्त पिकत्या फळांत असते.

वस्तुस्थिती : मूळ, खोड, पान, फूल, सगळीकडे ते बनू शकते. फांदी मोडली, पान खरचटले की त्या जागी त्याचे प्रमाण वाढते. टोमॅटोच्या शेतात पाणी साचले तर मुळांत एसीसी तयार होते, पण ऑक्सिजनअभावी शेवटची पायरी अडते. ते एसीसी रसाबरोबर वर चढते, पानांत हवा मिळताच त्याचे इथिलीन होते आणि पानांचे देठ खाली झुकतात. त्रास मुळाला, खूण पानावर!

गैरसमज : आढीत आंबा केवळ उबेने पिकतो.

वस्तुस्थिती : ऊब मदत करते, पण भाताच्या पेंढ्याचे मोठे काम म्हणजे फळांनी सोडलेला वायू त्यांच्याभोवती राखणे. पिकू लागलेल्या आंब्यात इथिलीनच आणखी इथिलीन बनवायला लावते, त्यामुळे एक फळ पिकू लागले की शेजारचीही पिकू लागतात. पेंढ्यातून हवा खेळते, हेही महत्त्वाचे. हवाबंद पिशवीत ऑक्सिजन संपला की इथिलीनची शेवटची पायरीच थांबते. फार उष्णताही बाधते : सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या वर बहुतेक फळांत इथिलीन कमी बनते.

गैरसमज : कार्बाइड आणि इथिलीन एकच.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. कॅल्शियम कार्बाइड ओलाव्याने अ‍ॅसिटिलीन वायू सोडते. तो इथिलीनची नक्कल करतो, पण फार दुबळेपणाने. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून भारतात फळे पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. तिथे केळ्यांना बाहेरून मिळतो तो इथिलीन या त्यांच्याच संप्रेरकाचा इशारा, पुढचे पिकणे ती स्वतः करतात.

डाळिंब आणि द्राक्षे यांना हा इशारा लागू पडत नाही, ती झाडावरच तयार व्हावी लागतात. आणि कोवळा उतरवलेला हापूस कितीही इथिलीन दिले तरी गोड होणार नाही. तेव्हा विक्रेत्याला ‘गॅस’बद्दल विचारण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा : कार्बाइड वापरले आहे का, आणि फळ पूर्ण तयार झाल्यावर उतरवले होते का?