आधी पैशांचा हिशेब, मग गाडीची चावी

अम्मींचे गुडघे दुखू लागल्यापासून त्यांना स्कूटरवर बसवणं अवघड झालं होतं. दवाखाना, मुलांची शाळा, बाजार, खेडला मामूंकडे जाणं, या सगळ्यासाठी चारचाकी हवी, असं घरात ठरलं. आम्ही चिपळूणजवळ राहतो. नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी हॅचबॅक पाहायला निघालो.

पहिल्याच विक्रेत्याकडची लाल गाडी मुलांना आवडली. किंमत ३ लाख ८० हजार. आमची शिल्लक १ लाख ८० हजार. "उरलेल्या दोन लाखांचं कर्ज करून देतो, फक्त नऊ टक्के फ्लॅट," तो म्हणाला. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. फ्लॅट म्हणजे तीनही वर्षं पूर्ण दोन लाखांवर व्याज, एकूण ५४ हजार! दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज घटत नाही. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो. अब्बांनी कागद बाजूला सारला. "दर कमी असता तरी व्याज ते व्याजच. गाडी नाही मिळाली तर रिक्षाने जाऊ."

ही गोष्ट मामूंच्या कानावर गेली. त्यांनी ६० हजार कर्ज-ए-हसना देऊ केले, दरमहा ५ हजार प्रमाणे वर्षभरात परत करायचे. नात्यात लिखापढी कशाला, असं आम्हाला वाटलं. पण मामूंनीच आग्रह धरला. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. हातात आता २ लाख ४० हजार होते. त्यातले किमान २५ हजार दुरुस्ती आणि कागदपत्रांसाठी बाजूला ठेवायचे, हे आधीच ठरवलं.

आमच्या भागात आणखी एक भीती असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. दुसरी गाडी आतून चकाचक होती, पण आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर टोकाला गढूळ पाण्याचा डाग! स्टेपनीखालच्या खळग्यात सुकलेला गाळ आणि सीटखालच्या पट्ट्यांवर गंजही निघाला. विक्रेता याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. आम्ही सलाम करून निघालो.

तिसरी गाडी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींची, २०१३ ची पेट्रोल वॅगन आर. आम्ही विचारण्याआधीच ते म्हणाले, "क्लच लवकरच बदलावा लागेल. मागचा बंपर एकदा रंगवलाय." मालातली खोट झाकू नये, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण त्या दिवशी आम्हाला गुरुजींच्या अंगणात दिसली. आधी अम्मींना बसवून पाहिलं; सीट उंच असल्याने गुडघा फारसा न वाकवता त्या आत बसल्या. इंजिन थंड असतानाच सुरू केलं, चढावर चालवून पाहिलं. टायरवर चार आकडे असतात. १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. त्यावरून दोन टायर बदलायला हवेत हे कळलं. सौदा २ लाख ५ हजारांना ठरला. उरलेल्या ३५ हजारांत क्लच, टायर, विमा आणि नावबदल भागलं.

पैसे देण्याआधी आरसी बुक, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं तपासली. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आमच्या गाडीची २०२८ पर्यंत. पुढे नूतनीकरणाचा खर्च येणार, तो किंमत ठरवतानाच धरला. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

एक कमतरता आम्ही जाणून स्वीकारली. आमच्या गाडीत एबीएस नाही, एअरबॅग नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ज्यांना व्याजाशिवाय जमेल त्यांनी त्यानंतरची गाडी पाहावी. आम्ही वेग आवरतो आणि मागे बसणारेही पट्टा लावतात.

बाराव्या महिन्यात शेवटचे ५ हजार दिले, तेव्हा मामूंनी त्याच कागदावर 'पूर्ण मिळाले' असं लिहून सही केली. मुलांना लाल गाडी अजून आठवते. अम्मी मात्र पुढच्या सीटवर बसून बिस्मिल्लाह म्हणतात आणि विचारतात, "पट्टा लावला का सगळ्यांनी?"