कोणती आष्टी? संकेतस्थळाचे नाव निवडताना

महाराष्ट्राच्या नकाशावर 'आष्टी' शोधायला बसलो तर हे नाव एकाच जागी सापडत नाही. वर्धा जिल्ह्यात आष्टी तालुका आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' आंदोलनात तिथे लोकांनी प्राण दिले, म्हणून तिला आष्टी (शहीद) असेही म्हणतात. दुसरा आष्टी तालुका बीड जिल्ह्यात आहे. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात आणखी एक आष्टी आहे. आणि १८१८ मध्ये सेनापती बापू गोखले जिथे लढताना पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली.

रोजच्या व्यवहारात याने फारसे अडत नाही. आर्वीच्या बसस्थानकावर कुणी 'आष्टी' म्हटले तर बीडची आष्टी कुणाच्या मनातही येत नाही. अडलेच, तर आपण नावाला एक शब्द जोडतो: शेजारचा तालुका कारंजा (घाडगे), वाशिम जिल्ह्यातले कारंजा (लाड). माणसे नाव संदर्भासह वाचतात. संगणक ते एकेक अक्षर जुळवून वाचतो. संकेतस्थळाचे नाव निवडताना होणारे बरेचसे घोटाळे या एका फरकातून निघतात.

नाव कसे वाचले जाते?

इंटरनेटवर यंत्रे एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. हे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये नावे आणि आकडे यांची सांगड घालणारी व्यवस्था आखली. तिला डोमेन नाव प्रणाली म्हणतात. ही नावे उजवीकडून डावीकडे उलगडतात. 'वर्धा डॉट गव्ह डॉट इन' हे जिल्हा प्रशासनाचे नाव घ्या. यात 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे शासन आणि 'वर्धा' म्हणजे जिल्हा. टपाल खातेही पत्ता शेवटच्या ओळीपासूनच वाचते.

एका शेवटाखाली एक नाव एकालाच मिळते, आणि सर्वसाधारणपणे जो आधी मागेल त्याला मिळते. म्हणजे 'आष्टी डॉट इन' हे नाव एकाच आष्टीच्या वाट्याला येणार.

नावात रोमन वर्णमालेची २६ अक्षरे, १० अंक आणि हायफन, म्हणजे मधली छोटी आडवी रेघ, अशी ३७ चिन्हे चालतात. मोठी लिपी आणि लहान लिपी यांत भेद नाही. दोन टिंबांमधला तुकडा जास्तीत जास्त ६३ चिन्हांचा असतो. हायफन त्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. मग एका शेवटाखाली तीन चिन्हांची नावे किती होतील? ३६ × ३७ × ३६ = ४७,९५२. हा आकडा मोठा दिसतो. पण त्यातली उच्चारता येतील आणि ध्यानात राहतील अशी फार थोडी.

आडवी रेघ

समजा, आष्टीतल्या एका शाळेला संकेतस्थळ काढायचे आहे. 'आष्टीस्कूल' हे नाव दुसऱ्या कुणी घेतलेले आहे, 'आष्टी-स्कूल' मात्र मोकळे आहे. ते घ्यावे का?

यंत्राच्या दृष्टीने हायफन हे इतर अक्षरांसारखेच एक चिन्ह. त्यामुळे ही दोन नावे त्याला पूर्णपणे वेगळी वाटतात. हायफनचा एक फायदाही आहे. तो शब्द सुटे करतो. रोमन लिपीत 'रामाला' आणि 'राम आला' एकसारखे दिसू शकतात. मध्ये रेघ आली की अर्थ लागतो.

पण रेघ कानाला ऐकू येत नाही. पालकसभेत नाव सांगितले की निम्मे पालक घरी जाऊन ते रेघेशिवाय टंकतील आणि दुसऱ्याच्या दारात पोचतील. तिथे दुसऱ्या गावची शाळा असली तर थोडा वेळ वाया जाईल. तिथे कुणी प्रवेशाचा खोटा अर्ज किंवा फी भरण्याची खोटी खिडकी मांडली असेल तर पैसे जातील. म्हणून हायफनचे नाव घ्यायचे तर रेघेशिवायचे नावही आपल्याच हाती असावे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचावीत. ते शक्य नसेल तर आपल्या लोकांची जुनी युक्ती वापरावी आणि गावाला जिल्हा जोडावा. 'आष्टीवर्धा' हे नाव ऐकूनही कळते.

नावाचा शेवटही विचारपूर्वक निवडावा. 'एज्यु डॉट इन' हा शेवट शिक्षणसंस्थांसाठी राखलेला आहे. अर्नेट इंडिया ही संस्था कागदपत्रे तपासून तो देते. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव शेवटाकडे जायला सांगितले होते.

कायदा कोणाच्या कानाने ऐकतो?

हायफन किंवा एखादे अक्षर बदलून नाव मोकळे सापडले, म्हणजे ते वापरायला आपण मोकळे झालो असे नाही. मुंबईच्या 'रेडिफ' कंपनीच्या नावातला एक स्वर बदलून दुसऱ्या कंपनीने 'रॅडिफ डॉट कॉम' घेतले होते. यंत्राला ही दोन नावे वेगळी होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये या दुसऱ्या नावाच्या वापराला मनाई केली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. 'सिफी' या नावाच्या वादात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. दोन नावांत किती अक्षरे वेगळी आहेत हे मोजण्यापेक्षा सामान्य ग्राहकाची फसगत होईल का, हे कायदा पाहतो. रेघ घातल्याने फसगत टळत नसेल तर रेघेचा आधार मिळत नाही.

मात्र ट्रेडमार्क आणि डोमेन नाव यांत एक मूलभूत फरक आहे. ट्रेडमार्क मालाच्या आणि सेवांच्या ४५ वर्गांत विभागलेले असतात आणि देशापुरते असतात. एकाच नावाचा साबण आणि पंप वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात. डोमेन नावाला असे कप्पे नाहीत. म्हणून आष्टीच्या संत्रा बागायतदारांना विक्रीसाठी नाव घ्यायचे असेल तर ते मोकळे आहे का एवढेच पाहून भागणार नाही. ट्रेडमार्क नोंदवहीत फळांच्या वर्गात तसे नाव आहे का, हेही पाहिले पाहिजे. 'आष्टी' हे नुसते गावाचे नाव सहसा कुणाला ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. सगळ्या गावाचे नाव एका दुकानाचे होऊ नये, हा त्यामागचा विचार.

मराठीतच नाव घेतले तर?

२०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' या शेवटाने नावे घेता येतात. यंत्राच्या आत त्यांचे रोमन रूप होते: 'भारत' या शब्दाचे रूप 'एक्स एन', दोन हायफन आणि पुढे 'एच २ बी आर जे ९ सी'. मराठी माणसाला हे नाव वाचायला सोपे, आणि रोमनमधला एक गोंधळ टळतो. तिथे 'आष्टी'चा 'आ' एका 'ए'ने लिहावा की दोन, हे ठरत नाही. पण नवा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. 'आष्टि' आणि 'आष्टी' ही यंत्राला दोन नावे आहेत. इथे शुद्धलेखनाची चूक म्हणजे चुकलेला पत्ता.

वर्गात करून पाहा

नाव ठरवण्यापूर्वी दहा विद्यार्थ्यांना ते फक्त एकदा ऐकवा आणि रोमनमध्ये लिहायला सांगा. किती जणांनी अचूक लिहिले ते मोजा. मग हायफनसह, हायफनशिवाय आणि देवनागरीत, अशी तीन रूपे घेऊन, प्रत्येक वेळी नव्या दहा मुलांवर प्रयोग करा आणि निकालांचा तक्ता करा. जे रूप सर्वात कमी चुकते ते निवडा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने घ्यायचे असते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचे असते. ते राहिले तर नाव पुन्हा मोकळे होते आणि कुणीही घेऊ शकतो. पालकांच्या वह्यांत लिहिलेला पत्ता मात्र तोच राहतो. म्हणून नाव एखाद्या शिक्षकाच्या खाजगी खात्यावर न घेता शाळेच्या नावाने नोंदवावे, आणि मुदतीची तारीख मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत असावी.